बारागाड्यांचा पीस

पहूरच्या एका लग्नात नवरदेवाच्या मित्रानं माझाच पीस, मीच बसवलेली धून, मला शिकवला. नवरदेव मारुतीच्या पाया पडायला निघालेला, वैशाखाचं ऊन, हातगाडीवर भोंगे, मागं जनरेटरचा धूर आणि मी गळ्यात इलेक्ट्रिक बँजो अडकवून उभा. पोरं ओरडायला लागली, चीक बँडचं बारागाड्या वाजवा. मी ऐकलंच नाही असं केलं. तेव्हा एक जण पुढं आला, गॉगलवाला, मानेला रुमाल. "ओ बँजोवाले भाऊ, बारागाड्या येतं का नाही?" येतं, म्हटलं. वाजवायला लागलो. दुसरी ओळ पुरी व्हायच्या आत त्यानं हात वर केला. "थांबा थांबा. तसं नाय ते. मधे एक झटका हाये, तुम्ही खाल्ला तो. मले पाठ हाये." आणि माझ्या तोंडाजवळ तोंड आणून त्यानं तो पीस तोंडानं वाजवून दाखवला. धड्, धड्, मग एक दचका, मग परत धड्. थुंकी उडाली माझ्या गालावर. आमचा ढोलवाला पुना माझ्याकडं बघत होता. त्याला सगळं माहीत होतं. तो हळूच म्हणाला, "लीलाधरभाऊ, वाजवून टाका ना तो म्हणतो तसं. पंगत बसायची वेळ झाली." मी वाजवला, तो म्हणतो तसा. पोरं नाचली, गॉगलवाल्यानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "आत्ता कसं!"

थाप सहन झाली असती. थुंकीही मी पुसली असती. पण तो झटका चांगला होता. माझ्या पिसात तो नव्हता, मला कधी सुचला नव्हता, आणि तो घातल्यावर पीस जिवंत होत होता, हे माझ्या बोटांना माझ्याआधी कळलं. बोटं हरामी असतात. मी एकेकाळी ज्या बँडमध्ये होतो त्या चीकची कॅसेट मी दीड वर्ष विकत घेतली नव्हती. जळगावात फुले मार्केटच्या दुकानात ती लागायची तेव्हा मी रस्ता बदलायचो, रिक्षात लागली तर उतरून चालायचो. लोकांना वाटायचं, याला गाण्याचा कंटाळा आला. कंटाळा कसला! बायकोनं माहेरी जाताना दुसऱ्याचं मंगळसूत्र घातलेलं दिसावं, तसं व्हायचं. कॅसेटच्या कव्हरवर काळ्या मातीत तिघं उभे आहेत, मध्ये गाणारा हिलाल, एका बाजूला ढोल घेऊन रुपसिंग आणि दुसऱ्या बाजूला कुणी एक पुण्याचा माणूस, माझ्या जागी. तो फोटो मात्र मी नीट बघितला होता. त्या माणसाच्या हातातली गिटार माझ्या गिटारीपेक्षा चांगली होती.

माझी गिटार भुसावळची. रेल्वेतल्या एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरचं कुटुंब ऑस्ट्रेलियाला निघालं, तेव्हा त्यांनी घरातलं सामान विकायला काढलं होतं. आई तिथं लोखंडी कपाट बघायला गेली आणि मी गिटार बघितली. कपाट राहिलं. त्या म्हाताऱ्यानं गिटारीबरोबर आपल्या पोराच्या भरून ठेवलेल्या कॅसेटी फुकट दिल्या, त्यात लांब केसांचे गोरे लोक ओरडत होते. काय ओरडत होते ते मला आजही कळत नाही. पण आवाज कळला. जिनिंगमध्ये कापसाची सरकी काढताना पट्टा घसरला की जसा आवाज येतो तसा तो होता, आणि मी जिनिंगच्या मागच्याच गल्लीत वाढलेला. कुणी गुरू नाही, वही नाही, सूर-ताल काही नाही. एका जुन्या रेडिओचं पोट फाडून मी गिटारीचा आवाज फाटका करायची डबी बनवली. शेजारची सुनंदाबाई म्हणाली, "लीलाधर, तुमच्याकडं कुणी आजारी आहे का रे?" त्या काळात जळगावात गिटार म्हणजे ऑर्केस्ट्रातल्या कोपऱ्यात बसून सिनेमाच्या गाण्याला टुणटुण करणाऱ्याचं काम. मी एकटा होतो आणि मला त्याची घमेंड होती. ती घमेंड हेच माझं शिक्षण.

मग हिलाल आला. धुळ्याकडच्या खेड्यातला, जळगावला बोर्डिंगात राहून शिकायला आलेला, अंगावर केळीच्या चिकाचे काळे डाग पडलेला सदरा, कारण सुटीत केळीचे घड उतरवायच्या कामाला जायचा. चीक धुऊन जात नाही. बँडचं नाव त्याच्या सदऱ्यावरून मीच ठेवलं, हेही आता कुणाला माहीत नाही. त्याचा गळा बाजरीच्या शेतातला. लहानपणी माचावर चढून पाखरं हाकायचा, दिवसभर, गोफण फिरवत. मी एकदा त्याला विचारलं, एवढा आवाज काढतोस, घसा सोलत नाही का? तो म्हणाला, "सोलाले पाहिजे भो. सोलाये नही तं पाखरू उडत नही." मला त्या पाखरांचाही हेवा वाटला होता, खरं सांगतो. आमच्या गल्लीत पाखरं हाकायला शेत नव्हतं. मी कॅसेटी घासून घासून जे शिकलो ते याला याच्या बापानं कामाला लावून फुकट दिलं होतं. रुपसिंग सातपुड्याच्या पायथ्याचा, चोपड्याच्या वरच्या अंगाचा, त्याच बोर्डिंगात. होळीच्या आधीच्या बाजारात त्याचे काका-मामा जे ढोल बडवतात ते ढोल त्यानं इंग्रजी ड्रमशेजारी उभे केले. पण हे दोघं माझ्याकडं आले होते, मी त्यांच्याकडं गेलो नव्हतो. खोली माझी, डबी माझी, गिटार माझी.

आणि बारागाड्या माझं. हे मी कितीही वेळा सांगू शकतो. आईच्या माहेरी, नशिराबादेच्या अलीकडं, जत्रेत भगत बारा बैलगाड्या ओढतो. गाड्या एकामागं एक बांधलेल्या, बैल एकही नाही, गाड्यांवर मुंग्यांसारखी माणसं, आणि पुढं एकटा भगत कमरेला दोर घेऊन, दोन्ही बगलेला त्याला सावरणारे दोघं. तो जोर लावतो तेव्हा सगळ्या गाड्या एकदम हलत नाहीत. पहिलीचा दोर ताणतो, धड्. मग दुसरीचा, धड्. असं करत तो दचका मागं मागं येत जातो. मी नेहमी शेवटच्या गाडीवर बसायचो. पुढं आरडाओरडा चाललेला, आणि आपली गाडी अजून गप्प. दचका येतोय, येतोय, पोटात गोळा, आणि मग तो येतो. हा माझा पीस. मी तो सहाव्या तारेवर वाजवला, एका तारेवर, जड, सावकाश, बारा वेळा. हिलालनं त्यावर अहिराणीत शब्द घातले, चांगले घातले, नाकारत नाही. पण शब्द गाडीवर बसलेल्या माणसांसारखे असतात. ओढतो कोण?

धुळ्याच्या एका कॉलेजात गॅदरिंग होतं, साल एक्याण्णव. भर दुपारचा कार्यक्रम, पत्र्याचा हॉल, पोरी एका बाजूला, पोरं एका बाजूला, आधी नाटुकली, मग फिशपाँड, मग आम्ही. पोरांना सिनेमाची गाणी पाहिजे होती. आम्ही बारागाड्या धरलं आणि हॉल गप्प झाला, कारण त्यातल्या अर्ध्या पोरांनी ते दोर आपल्या गावात बघितलेले होते. पाचव्या-सहाव्या धक्क्याला मागून किंकाळी आली. कॉलेजच्या कँटीनमध्ये भाकरी करणारी धुरपदाबाई, साठीची बाई, दारात उभी राहून बघत होती, तिच्या अंगात आलं. केस सुटले, पदर सुटला, घुमायला लागली. मी थांबलो. कुणीही शहाणा माणूस थांबेल. रुपसिंग ओरडला, "थांबायचं नाही! बाई पडेल!" हे त्या दोघांना माहीत होतं. अंगात आल्यावर वाजवणारानं मध्येच हात काढला तर ती बाई अधांतरी राहते, दिवसच्या दिवस उठत नाही म्हणतात. देवाला परत पाठवेपर्यंत ठेका धरायचा असतो. मी परत सुरू केलं. तेवढ्यात एक प्रोफेसर धावत आले, हे काय चाललंय, हे कॉलेज आहे, बंद करा. आणि ऐकत नाहीत म्हटल्यावर कुणीतरी मेन स्विच ओढला.

ड्रमला वीज लागत नाही. गळ्याला लागत नाही. हिलालनं माइक खाली टाकला आणि स्टेजवरून उडी मारून बाईच्या समोर गेला, नुसत्या गळ्यानं गात. त्या पत्र्याच्या हॉलमध्ये तो गळा असा भरला की खिडक्यांच्या काचा वाजल्या. रुपसिंगनं ड्रम सोडून ढोल गळ्यात घातला आणि मागोमाग गेला. पोरं उठून गोल उभी राहिली. आणि मी स्टेजवर. मी तारेवर मारत होतो आणि डासाएवढा आवाज येत होता. जो पीस तिथं चालला होता तो माझा होता, रुपसिंग ढोलावर तेच धक्के देत होता, माझेच, आणि मला तो हात जोडून बघण्यापलीकडं काही करता येत नव्हतं. पुढच्या रांगेतला एक जण म्हणाला, "भो, तू बैस ना खाले." चांगल्या मनानं म्हणाला. मी बसलो नाही. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी हिलालनं आवाज उतरवत उतरवत आणला, बाईच्या पायाशी वाकला आणि म्हणाला, "माय व, शांत व्हय. आते घर जाय, माय." आणि बाई बसली. पाणी मागितलं. कुणी टाळी वाजवली नाही, एकानंही नाही. सगळे नुसते उभे. मी आयुष्यात त्यापेक्षा मोठी दाद बघितली नाही, आणि ती माझ्याकडं पाठ करून उभी होती.

त्या दुपारवर चीक मोठी झाली. गोष्ट पसरली, शिरपूर, अमळनेर, चाळीसगाव, नाशिक. लाइट घालवली तरी थांबले नाहीत, देवाला घरी पोचवून आले. गोष्ट सांगणारे सांगायचे, एक गाणारा आणि एक ढोलवाला. मी स्वतः जामनेरच्या स्टँडवर चहा पिताना एकाला ती सांगताना ऐकलं. मी विचारलं, गिटारवाला नव्हता का? तो म्हणाला, "गिटारीचं काय काम तिथं?" गाडी लागली आणि तो निघून गेला. बरोबरच बोलला होता. ते बरोबर होतं म्हणून मी त्याला आजही शिव्या देतो. त्यानंतर कार्यक्रमाला लोक आधी हिलालच्या पाया पडायचे. बाया लेकरं आणून त्याच्या पुढ्यात धरायच्या. तो लाजायचा, म्हणायचा, अहो मी काय भगत आहे का. पण त्याच्या मानेच्या शिरा मला माहीत होत्या. लाजताना सुद्धा त्या सुखानं फुगायच्या. मी त्याच्या शेजारी उभा राहून त्या शिरा मोजल्यासारखा बघायचो, आणि रात्री घरी तोंडावर उशी घेऊन त्याच्यासारखं ओरडून बघायचो. उशीला वास यायचा फक्त.

पुण्याच्या कॅसेट कंपनीचा, रेकॉर्डिंगला या असा निरोप त्र्याण्णवला आला. त्याच्या आधल्या महिन्यात चोपड्याला माझ्या पिसाच्या मध्येच हिलालनं गायला सुरुवात केली होती, मला पुरं करू न देता. मी रुसलो. आमच्याकडं रुसणं ही काही पोरकट गोष्ट नाही, तिला रीत आहे. लग्नात जावई रुसतो, मांडवाबाहेर जाऊन बसतो, मग मुलीकडचे चार मोठे लोक जातात, हात जोडतात, टोपी-उपरणं देतात, आणि जावई उठतो. न रुसणाऱ्या जावयाला कुणी किंमत देत नाही. मला टोपी-उपरणं नको होतं. हिलालनं माझ्या गल्लीत यावं, सुनंदाबाईच्या देखत, आणि म्हणावं, लीलाधर, तुझ्याशिवाय हे होत नाही. एवढंच. गिटार खोळीत घालून, डबी वर बांधून मी तयार बसलो होतो. त्यानं रुपसिंगच्या हाती निरोप धाडला. रुपसिंग दारातून म्हणाला, "गुरुवारची गाडी आहे. हिलाल बोलतो, ये." बस. शेतात मजुराला बोलावतात तसं. मी म्हटलं, त्याला यायला काय झालं? रुपसिंगनं खांदे उडवले. त्या दोघांच्या गावाकडं एकदा ये म्हटलं की म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं तर समोरच्याचा अपमान, याला एकदा कळत नाही काय. गुरुवारी मी गाडीच्या वेळेपर्यंत गल्लीच्या तोंडाकडं बघत बसलो. गाडीची शिट्टी घरापर्यंत येते आमच्या. मी आजही म्हणतो, त्यानं यायला पाहिजे होतं.

तर पहूरचं लग्न उरकलं, आणि दुसऱ्या आठवड्यात धुळ्याला चीकचा कार्यक्रम असल्याच्या भिंती रंगल्या. मी पुनाला सांगितलं, पुढच्या लग्नांना तू दुसरा बँजोवाला बघ. पुना म्हणाला, "भांडायला चाललात का?" म्हटलं, हो. एस.टी.त बसून सगळं पाठ केलं. कॅसेटवर नाव का नाही. पीस कुणाच्या बापाचा. लोकांसमोर सांग, माइकवर सांग, नाही तर मी सांगतो. पारोळ्यापर्यंत मी त्याला तीनदा रडवला होता. धुळ्यात मैदानावर दुपारी साउंडवाले तारा ओढत होते. हिलाल स्टेजच्या कडेला पाय सोडून बसला होता, भाकरीबरोबर ठेचा खात. जाड झालाय. कपाळ वर गेलंय. मला बघितलं, आणि असा हसला की माझी पाठ केलेली पहिली ओळच गेली.

"कव्हय उना भो? बैस. जेवन करी ले."

"जेवायला नाही आलो."

"मंग?"

"बारागाड्या कुणाचं?"

त्यानं घास गिळला. "तुनंच शे. बठ्ठासले माहीत शे."

"कॅसेटवर तर नाही."

"मी सांगेल व्हतं त्यास्ले. एकदाव सांगं. त्यास्नी छापं नही." पाण्याचा तांब्या उचलला, वरून प्याला. "दुसऱ्यांदा नही सांगं. तू रुसी बसना, माले बी राग उना."

एवढंच. खोटं बोलला असता तर मी त्याचा गळा धरला असता. तो गळा माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होता, घामानं चमकत होता, आणि त्यातून खरं निघत होतं. मी दीड वर्ष ज्या दरोड्यावर जगत होतो तो दरोडा नव्हताच. रागानं दुसऱ्यांदा न सांगितलेलं एक नाव होतं. भांडण असं हातातून जातं तेव्हा माणूस नागडा पडतो. मग मी विचारलं, तो झटका कुणाचा? मधला?

"मकरंदना," हिलाल म्हणाला, आणि हाक मारली. पुण्याचा माणूस आला, फोटोतला, तिशी ओलांडलेला, गोरा, गिटार खांद्याला. हिलालनं सांगितलं हा कोण. मकरंदचा चेहरा उजळला. "तुम्हीच का ते? अहो, तुमच्या पिसावर मी पोट भरतोय. तो झटका आवडला का तुम्हाला, सर? मला बारागाड्या काय ते माहीत नव्हतं, हिलालनं सांगितलं की दोर ताणला जातो. मला वाटलं, एखादा दोर निसटत पण असेल मध्येच." निसटतो. मधल्या एखाद्या गाडीचा दोर कधी कधी निसटतो, मग धावत जाऊन बांधतात. मी जन्मभर त्या गाड्यांवर बसलो आणि मी ते पिसात घातलं नाही, आणि हा मनुष्य सदाशिव पेठेत बसून ते ओळखतो. मी म्हटलं, आवडला. दात न उघडता म्हटलं.

"आज तू वाजाड," हिलाल मला म्हणाला. भाकरीचा तुकडा मोडता मोडता, सहज. "बारागाड्या तू वाजाड. मकरंद, तुले काय?"

"अरे, मला काय! सन्मान आहे," मकरंद म्हणाला आणि खांद्यावरची गिटार काढून माझ्या हातात दिली. "घ्या ना सर." गिटार हलकी होती, लोण्यासारखी तार. ती सोडताना त्याची बोटं पट्ट्यावर किंचित रेंगाळली.

संध्याकाळी मैदान भरलं. बाकीची गाणी मी मागं उभा राहून ऐकली. मग हिलालनं माझं नाव घेतलं, माइकवर, पूर्ण, आणि म्हणाला हे गाणं या माणसानं जन्माला घातलं. जे ऐकायला मी आयुष्यातली एवढी वर्षं वाळवली ते मैदानभर वाजलं. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, सत्काराला वाजवतात तशा, लवकर आटपा म्हणून. त्यांना गाणं पाहिजे होतं. मी पहिला धक्का दिला. रुपसिंगनं मान वर न करता तो उचलला, जणू काल संध्याकाळीच आम्ही खोलीत बसलो होतो. दुसरा. तिसरा. भोंग्यांतून तो जमिनीत गेला आणि जमिनीतून पायांत परत आला, आणि मैदान हललं, आणि सगळे, पुढच्यापासून शेवटच्यापर्यंत सगळे, हिलालकडं बघत होते. हिलालनं तोंड उघडलं आणि झालं. मला वाटलं होतं आज तरी काही होईल. पोटात काही हललं नाही. नाव घेऊन झालं, गिटार हातात आहे, वीज आहे, आणि माझ्या आत तोच खड्डा, कोरडा. मग हे कशाला हवं होतं मला? कुणाला काय पाहिजे होतं?

तेव्हा मी बाजूला बघितलं. पडद्याच्या कडेला मकरंद उभा होता, हाताची घडी घालून. तो हसत होता. मान ठेक्यावर हलवत होता, एखाद्या मोठ्या मनाच्या माणसानं हलवावी तशी. पण हसू ओठांच्या कडेला जिथं संपतं तिथं ते दगडासारखं बसलेलं होतं, आणि त्याचे डोळे माझ्या बोटांवर होते. माझ्या चेहऱ्यावर नाही, बोटांवर. आपल्या गिटारीवर दुसऱ्याची बोटं. मैदानातल्या हजारो लोकांत तो एकटा माझ्याकडं बघत होता, आणि असा बघत होता जसा मी कुणाकडं बघायचो ते मला पक्कं माहीत आहे. माझ्या अंगातून गरम काहीतरी वर चढलं, पायापासून कानांपर्यंत. लाज नव्हती ती. एवढं बरं मला लग्नाच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

शेवटचा धक्का आला. इथं पीस संपतो, गाणं संपतं. हिलालनं हात वर केला होता. मी थांबलो नाही. मी पहिल्यापासून परत सुरू केलं. रुपसिंगनं चमकून माझ्याकडं बघितलं आणि धरलं. हिलाल वळला, भुवया उंचावल्या, काय रे म्हणून. मी मानेनंच सांगितलं, अजून एकदा. आणि पडद्याकडं तोंड करून, मकरंदला नीट दिसावी अशी गिटार धरून, सावकाश वाजवत राहिलो.